वाचकांचे प्रश्न : तळ्याच्या गाळातले गांडूळ आणि त्याची नोंद

प्रश्न : मी नागपूरच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. जानेवारीत विद्यार्थ्यांना घेऊन शहराच्या पश्चिमेकडील एका तलावावर गेले असताना, घोटाभर पाण्यातून काढलेल्या गाळात आम्हाला तांबूस रंगाची, दहा-बारा सेंटीमीटर लांबीची गांडुळासारखी चार जनावरे मिळाली. त्यांच्या शेपटीकडच्या भागावर दोन्ही बाजूंना बारीक धाग्यांची झालर होती आणि ती सारखी हलत होती. पुस्तकाच्या आधारे आम्ही ओळख 'ब्रँकियुरा सोअर्बाय' अशी ठरवली. नागपूर जिल्ह्यातून या जातीची नोंद आम्हाला कोठे आढळली नाही. 'विदर्भातील पहिली नोंद' म्हणून हे प्रसिद्ध करता येईल का, आणि त्यासाठी काय काय करावे लागेल?
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : आपण विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून गाळात हात घालायला लावलात, याबद्दल प्रथम आपले मनापासून अभिनंदन. आपण केलेले वर्णन ब्रँकियुराशी चांगले जुळते. मात्र पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी एक गोष्ट भिंगाखाली पडताळून घ्यावी. झालर 'दोन्ही बाजूंना' होती असे आपण लिहिले आहे. ब्रँकियुराचे कल्ले शरीराच्या डाव्या-उजव्या बाजूंना नसतात. ते पाठीच्या आणि पोटाच्या मध्यरेषेवर, दर खंडाला वर एक आणि खाली एक असे, आणि केवळ शेपटीकडच्या खंडांवर असतात. ताटलीतले गांडूळ कुशीवर वळले, की हेच धागे डाव्या-उजव्या बाजूंना आल्यासारखे दिसतात, आणि बहुधा आपण तेच पाहिले असावे. तरीही खात्री हवी, कारण ब्रँकिओड्रिलस या दुसऱ्या प्रजातीलाही धाग्यांसारखे कल्ले असतात. ते मात्र खरोखरच दोन बाजूंना असतात, डोक्याजवळून सुरू होतात आणि मागे जाता जाता आखूड होतात. डेरो या तिसऱ्या प्रजातीचे कल्ले शेपटीच्या अगदी टोकाला, गुदद्वाराभोवतीच्या वाटीसारख्या खळग्यात असतात, आणि तिच्या जाती आपल्या जनावरांच्या मानाने फारच लहान असतात. या तिन्हींतला फरक एकदा प्रत्यक्ष पाहिला, की विद्यार्थी तो जन्मभर विसरत नाहीत.

ब्रँकियुरा जिवंतपणी पाहावे असेच जनावर आहे. तळाशी दोन बोटे गाळ ठेवून वर स्वच्छ पाणी भरलेल्या काचेच्या बरणीत ते सोडले, तर काही वेळाने ते डोके गाळात खुपसून शेपूट वर पाण्यात काढते. त्या शेपटीवरचे धागे वाऱ्यावरच्या कोवळ्या गवतासारखे हेलकावत राहतात आणि त्यांतून वाहणारे रक्त तांबूस दिसते. हा तांबूस रंग हिमोग्लोबिनचा असतो. गाळात प्राणवायू फार थोडा, म्हणून श्वासाचे काम शेपटीने करायचे आणि खाण्याचे काम डोक्याने, अशी ही विभागणी आहे. बरणीला हलकी टिचकी मारली, की ती सगळी झालर क्षणात गाळात नाहीशी होते. आपल्या विद्यार्थ्यांकडून या हालचालीचे चित्रीकरण अवश्य करून घ्यावे, कारण फॉर्मॅलिनमध्ये पडल्यावर हे धागे आखडून बारीक गाठींसारखे होतात, आणि ओढाताणीत शेपूटच तुटून गेली तर ओळखीची सर्वांत सोपी खूण हातची जाते.

आता आपला मुख्य प्रश्न, म्हणजे 'पहिली नोंद'. या बाबतीत या जनावराचाच इतिहास फार बोलका आहे. १८९२ साली फ्रँक एव्हर्स बेडर्ड या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने याचे पहिले शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. ती जनावरे त्याला मिळाली होती लंडनच्या रीजंट्स पार्कमधील वनस्पती-उद्यानात, व्हिक्टोरिया नावाचे मोठे कमळ वाढवण्यासाठी ऊबदार ठेवलेल्या हौदाच्या चिखलात. हे गांडूळ लंडनचे नव्हे, याविषयी आज अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. ते आशियातील उष्ण प्रदेशांचे असून उष्ण कटिबंधातून आणलेल्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून तेथे पोचले, असे मानले जाते. पुढे ते युरोपात आणि अमेरिकेत अनेक ठिकाणी सापडले. भारतात तर ते मुळीच दुर्मीळ नाही. पूर्वी लाहोरच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या जॉन स्टीफन्सन यांनी १९२३ साली 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालिकेत अल्पशूकी प्राण्यांवर, म्हणजे गांडुळे आणि त्यांच्या पाण्यातल्या भाऊबंदांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ही जात आलेली आहे.

म्हणजे ज्या जनावराचे घर आशियात, त्याची पहिली नोंद लंडनच्या एका हौदातली. जनावर जेथे होते तेथे ते नोंदले गेले नाही, आणि जेथे त्याच्याकडे पाहणारा माणूस होता तेथे नोंदले गेले. आपल्या तलावातही हेच घडलेले असणे अगदी शक्य आहे. नागपूर जिल्ह्यातून नोंद नाही, याचा अर्थ ते गांडूळ परवापर्यंत येथे नव्हते असा होत नाही. परवापर्यंत त्या काठावर गाळ चाळून कोणी पाहिले नव्हते, एवढाच होतो. आपल्या लेखात हे स्पष्ट लिहावे. ते लिहिले नाही, तर वाचणारा सहज समजतो की हे जनावर अलीकडेच बाहेरून आले, आणि मग त्याच्या 'आगमना'ची कारणे शोधणारे आणखी चार लेख त्याच्यावर रचले जातात.

नोंद नाही हे ठरवण्यापूर्वी शोध किती खोल घेतला, हाही प्रश्न आहे, आणि नागपूरच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा आहे. नुसता 'महाराष्ट्र' किंवा 'विदर्भ' हा शब्द घालून जुने साहित्य धुंडाळले, तर हाती काही लागणार नाही, कारण नागपूर तेव्हा महाराष्ट्रात नव्हते. १८६१ पासून ते मध्य प्रांताचे, म्हणजे इंग्रजीतल्या 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस'चे, मुख्य ठिकाण होते. १९५० नंतर ते मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्यामुळे १९२० सालच्या एखाद्या लेखात 'सी. पी.' एवढ्या दोन अक्षरांखाली आपलाच तलाव दडलेला असू शकतो. गावांच्या नावांची इंग्रजी वर्णरचनाही तेव्हा वेगळी होती. 'रेकॉर्ड्स ऑफ द इंडियन म्युझियम' या नियतकालिकाचे जुने अंक, जे पुढे 'रेकॉर्ड्स ऑफ द झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया' झाले, ते या दृष्टीने पानन् पान पाहावेत. के. व्ही. नायडू यांचा भारतातील पाण्यातल्या अल्पशूकी प्राण्यांवरचा ग्रंथ २००५ साली भारतीय प्राणी सर्वेक्षणानेच प्रसिद्ध केला आहे. तो हाताशी ठेवल्याशिवाय या कामाला हात घालू नये.

शोध घेताना नावांचीही फसगत होते. 'ब्रँकियुरा' हेच नाव माशांच्या अंगावरच्या उवांच्या, म्हणजे अर्ग्युलस आणि तिच्या नातेवाइकांच्या गटालाही आहे, आणि मत्स्यशेतीवरच्या लेखांत ते वारंवार येते. संगणकावर केवळ तेवढा शब्द टाकला, तर निम्मी यादी माशांच्या उवांची निघेल. दुसरे असे, की जुन्या पुस्तकांत हे गांडूळ ट्युबिफिसिडी या कुलात आढळेल आणि अलीकडच्या लेखांत नायडिडी या कुलात. ही दोन वेगळी मते नव्हेत; ही दोन्ही कुले एकच आहेत असे दिसून आल्यावर, नायडिडी हेच नाव चालवावे असा निर्णय प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २००७ साली दिला.

मग प्रदेश कोणता धरावा? माझे मत असे, की 'विदर्भातील पहिली नोंद' हा मथळा वर्तमानपत्राला शोभतो, शास्त्रीय लेखाला नव्हे. गाळातले गांडूळ महसुली विभाग ओळखत नाही. ते पाण्याचा उतार ओळखते. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि वैनगंगा पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते व गोदावरीत जाते. अकोल्याच्या बाजूची पूर्णा मात्र तापीला मिळते. अर्थात विदर्भ हा एक प्रदेश असला, तरी त्यातले पाणी एक बंगालच्या उपसागराकडे आणि एक अरबी समुद्राकडे वाहते. आपली नोंद 'गोदावरी खोरे, वैनगंगा उपखोरे, कन्हानचे पाणलोट क्षेत्र, नागपूर शहर' अशी दिली, तर पन्नास वर्षांनी जिल्ह्याच्या सीमा बदलल्या तरी तिचा अर्थ बदलणार नाही. जिल्हा आणि राज्य अर्थातच द्यावे, पण सोबत.

मात्र नैसर्गिक उतारावरही सगळे सोपवून चालत नाही. आपल्या भागात पाण्यातले जीव माणसांच्या हातून खूप फिरतात. शिंगाड्याची रोपे एका तलावातून दुसऱ्या तलावात लावली जातात, मत्स्यबोटुकली पिशव्यांत भरून दूरदूर नेली जाते, शोभेची कमळे रोपवाटिकेतून येतात. आणि मुळांशी मूठभर माती आली, की तिच्यात या गांडुळाचे अंड्यांचे कोश येऊ शकतात. म्हणून त्या तलावात मत्स्यबीज कोठून येते, शिंगाड्याची लागवड होते का, गाळ शेवटचा केव्हा उपसला, हे तेथील मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारून लिहून ठेवावे. ही माहिती त्यांच्याशिवाय कोणाकडेही नसते आणि ती कागदावर आली तर तिचे मोल आपल्या गांडुळाहून कमी नाही.

आता नमुन्यांविषयी. चारही जनावरे एकाच बाटलीत टाकली नसतील अशी आशा आहे. पुढच्या वेळी निदान एक जनावर थेट ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवावे, म्हणजे त्याचा डीएनए नंतर तपासता येईल; फॉर्मॅलिनमध्ये तो खराब होतो. उरलेली आधी सोडा-वॉटरमध्ये सैल पडू द्यावीत, नाहीतर ती मळसूत्रासारखी पिळवटून घट्ट होतात आणि खंड मोजता येत नाहीत. मग बाजारी फॉर्मॅलिन एक भाग व पाणी नऊ भाग अशा मिश्रणात एक-दोन दिवस ठेवून, धुऊन, ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये कायमची ठेवावीत. फॉर्मॅलिनचे काम हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून करावे. ब्रँकियुरा केवळ शेपटीवरूनही ओळखता येते, ही या कुलात अपवादाने मिळणारी सोय आहे. तरीही पुढच्या खंडांचे दृढरोम, म्हणजे त्वचेतून बाहेर आलेले ताठ केस, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्यावेत. पाठीकडच्या झुबक्यांत केसांसारखे लांब दृढरोम असतात, पोटाकडच्या झुबक्यांत ते नसतात. मेखला, म्हणजे अंगाभोवतीचा जाडसर पट्टा, आलेले प्रौढ जनावर मिळाले तर सोन्याहून पिवळे.

चिठ्ठीची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिथे झालेले नुकसान भरून येत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी भंडारा जिल्ह्यातील एका मालगुजारी तलावातून मी गाळातल्या गांडुळांच्या सहा बाटल्या आणल्या होत्या. चिठ्ठ्या बॉलपेनने लिहून बाटल्यांच्या बाहेर चिकटवल्या होत्या. पावसाळा गेला, कपाटात थोडे अल्कोहोल सांडले, आणि दिवाळीनंतर पाहिले तर सहापैकी चार चिठ्ठ्यांवर निळ्या डागापलीकडे काही उरले नव्हते. आत जनावरे उत्तम स्थितीत होती, अगदी मेखला आलेली. पण ती कोणत्या काठावरची, कोणत्या महिन्यातली, हे सांगणारे काहीच नव्हते. ती आजही माझ्याकडे आहेत आणि कोणत्याही नोंदीत ती जाऊ शकत नाहीत. तेव्हापासून मी चिठ्ठी जाड कागदावर शिसपेन्सिलीने लिहितो आणि बाटलीच्या आत टाकतो. तीवर तलावाचे नाव, काठाची दिशा, अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची खोली, गाळाचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव एवढे असावे. अक्षांश-रेखांश दशांशाच्या चार स्थळांपर्यंत दिले, तर जागा सुमारे अकरा मीटरपर्यंत नेमकी ठरते. दोनच स्थळे दिली तर तलाव कोणता हेही संशयास्पद होते.

नमुने महाविद्यालयाच्या कपाटात न ठेवता एखाद्या मान्य संग्रहात जमा करावेत आणि तेथून मिळालेला क्रमांक लेखात छापावा. भारतीय प्राणी सर्वेक्षणाची स्थापना १९१६ साली झाली. मुख्यालय कोलकात्यास आहे, आपल्या राज्यासाठी पुण्याला आकुर्डी येथे केंद्र आहे, आणि मध्य भारताचे केंद्र जबलपूरला आहे. जमा केलेला नमुना नसेल तर नोंद म्हणजे आपला शब्द. आपला शब्द खरा असेलही, पण उद्या कोणी या प्रजातीचे पुनर्परीक्षण केले, तर त्याला शब्द सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही.

परवानगीचा विचारही आधीच करावा. तलाव महानगरपालिकेचा, वनखात्याचा की पाटबंधारे विभागाचा हे पाहून संबंधितांस पत्र द्यावे. संरक्षित वनक्षेत्रातील पाण्यातून परवान्याशिवाय काहीच उचलू नये. नमुना ओळखीसाठी परदेशी तज्ज्ञाकडे पाठवायचा मनात आले, तर त्याआधी जैविक विविधता कायदा, २००२ मधील तरतुदी पाहाव्यात.

शेवटी मथळ्याबद्दल. लेखाचे नाव 'कन्हान पाणलोट क्षेत्रातील ब्रँकियुरा सोअर्बायची नोंद' असे ठेवावे आणि 'पहिली' हा शब्द गाळावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याऐवजी, आपण किती ठिकाणी गाळ चाळला आणि किती ठिकाणी हे गांडूळ मिळाले नाही, हे द्यावे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर, इतके तलाव एका शहरात असताना एकाच काठावर थांबणे योग्य नाही. अर्धा मिलिमीटर छिद्राची चाळणी, एक घमेले, एक पांढरी एनॅमलची ताटली आणि वर्षभर दर महिन्याची एक सकाळ, एवढ्यावर आपले विद्यार्थी शहराच्या गाळाचा नकाशा तयार करू शकतील. स्टीफन हिस्लॉप या मिशनरी अभ्यासकाने नागपूरच्या टाकळीतील दगडांतल्या गोड्या पाण्याच्या शंखांचे वर्णन १८६० साली जगापुढे मांडले, तेव्हापासून नागपूरचे प्राचीन तलाव शास्त्राला ठाऊक आहेत. शंख दगडात टिकले. गांडुळाच्या मऊ देहाला ते भाग्य नाही. त्याची नोंद ते जिवंत असतानाच व्हायला हवी.

प्रश्न : मी घरी मासे पाळतो. सीताबर्डीतून माशांना खायला जिवंत ट्युबिफेक्स आणत असतो. काही महिन्यांनी मत्स्यपेटीच्या तळाच्या वाळूत ही लाल गांडुळे आपोआप वाढलेली दिसली. ही नागपुरातील नोंद मानावी का? आणि पेटी धुताना ती नालीत टाकली तर चालतील का?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : मत्स्यपेटीतील वाढ ही मत्स्यपेटीतील नोंद होय, नागपूरच्या निसर्गातील नव्हे. विक्रीला येणारी गांडुळे कोणत्या गावच्या कोणत्या नाल्यातून काढलेली असतात हे दुकानदारालाही बहुधा ठाऊक नसते, आणि 'ट्युबिफेक्स' या नावाने मिळणाऱ्या गोळ्यात निरनिराळ्या प्रजाती, विशेषतः लिम्नोड्रिलस, मिसळलेल्या असतात. वर सांगितलेल्या बेडर्ड यांनाही ब्रँकियुरा हौदातच मिळाले होते. पण ते हौदातले आहे हे त्यांनी लिहिले, म्हणून त्या नोंदीचा अर्थ आजही लावता येतो. आपण ठेवणार असाल तर अशीच नोंद ठेवावी : दुकानातून आणल्याची तारीख, पेटीतील पाण्याचे तापमान, गांडुळे वाढलेली प्रथम केव्हा दिसली, आणि पाच-सहा जनावरे अल्कोहोलमध्ये.

नालीत मात्र कृपा करून टाकू नयेत. धंतोलीतली नाली नाग नदीत जाते आणि नाग नदीतून वाट पुढे कन्हान-वैनगंगेपर्यंत मोकळी आहे. ही गांडुळे सेंद्रिय घाणीत आणि कमी प्राणवायूत इतर जीवांपेक्षा चांगली तगतात, म्हणजे आपण ज्याला त्यांचा शेवट समजाल ती त्यांची सुरुवात होऊ शकते. त्यांच्यासोबत माशांचे रोगही जातात. ट्राउट माशांना भोवरा आल्यासारखे गरगर फिरायला लावणाऱ्या रोगाचा परजीवी आपल्या आयुष्याचा एक टप्पा ट्युबिफेक्सच्या शरीरात काढतो, हे १९८० च्या दशकात सिद्ध झाले. तो रोग थंड पाण्यातल्या माशांचा आहे, पण तशाच जीवनक्रमाचे इतर परजीवी उष्ण पाण्यातही आहेत. तेव्हा वाळू धुतलेले पाणी उकळून टाकावे आणि वाळू कडक उन्हात खडखडीत वाळवावी. नागपूरचा मे महिना या कामाला पुरेसा आहे.

प्रश्न : मोबाइलवर फोटो काढून निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकला, तर ती नोंद धरली जाते का? नमुना मारून ठेवणे मनाला पटत नाही.
— बी. एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : तुझी भावना मी हलकी मानत नाही. पक्षी, फुलपाखरे, चतुर यांच्या बाबतीत चांगला फोटो पुष्कळदा पुरेसा असतो, आणि ब्रँकियुराच्या बाबतीतही शेपटीचे कल्ले मध्यरेषेवर स्पष्ट दिसत असतील, शेजारी मोजपट्टी असेल आणि जागा नेमकी दिलेली असेल, तर फोटोला खरोखर किंमत आहे. त्यामुळे फोटो अवश्य टाक. इतरांना त्या काठावर जाण्याची बुद्धी त्यातूनच होते.

परंतु गाळातल्या बाकीच्या लाल गांडुळांचे तसे नाही. लिम्नोड्रिलस हॉफमाइस्टेरी हे नाव जगभरच्या याद्यांत सापडते. बहुतेक वेळा ते प्रौढ जनावराच्या नर-अवयवावरील कायटिनासारख्या नळीच्या आकारावरून दिले जाते, आणि ती नळी दिसण्यासाठी जनावर काचपट्टीवर पारदर्शक करावे लागते. एवढे करूनही, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए-अभ्यासात या एका नावाखाली दहा वेगळ्या जाती निघाल्या. फोटोत या दहाही जाती एकसारख्या लाल दोऱ्यासारख्या दिसतील. पुष्कळदा तर तो लाल दोरा गांडूळही नसतो. चिलटांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्यांच्या अळ्याही हिमोग्लोबिनमुळे अशाच लाल असतात. भिंगातून पाहिलेस तर अळीला कठीण, तपकिरी डोके आणि त्याच्या मागे आखूड पायांची जोडी दिसेल, आणि पाण्यात ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळवळत पोहते. गांडुळाला डोक्याचे कवच नसते आणि ते असे पोहत नाही. ही परीक्षा जिवंत जनावरावरच करायची असते, आणि झाल्यावर अळी पाण्यात सोडून देता येते. गांडुळांपैकी मात्र दोन-तीन ठेवावी लागतील. जेवढी नोंदीला लागतात तेवढीच ठेवावीत, त्यांना आधी सोडा-वॉटरमध्ये निपचित होऊ द्यावे, आणि बाकीचा गाळ जेथून घेतला तेथेच, उन्हात फार वेळ न ठेवता, परत टाकावा.

प्रश्न : आमच्या काटोल तालुक्यातील शेतातल्या विहिरीत पहिल्या पावसानंतर हातभर लांबीचा, काळपट, घोड्याच्या केसासारखा जीव दिसला. तो स्वतःभोवती गाठी मारत होता. पाणी पिण्यास धोका आहे का? याचीही नोंद करतात का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर : ते गांडुळांपैकी नव्हे, त्याचा संघच निराळा आहे. गॉर्डियस आणि त्याच्या नात्यातील या केसकृमींची पिल्ले टोळ, नाकतोडे, खंडोबाचे किडे अशा कीटकांच्या पोटात वाढतात, आणि पूर्ण वाढ झाली की कीटक पाण्याजवळ येऊन कृमी बाहेर पडतो. बाहेर आलेला कृमी काही खात नाही. माणसाच्या शरीरात तो घर करत नाही, त्यामुळे त्याच्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पावसाचे पाणी विहिरीत वाहून येत असेल, तर त्यासाठी मात्र पाणी उकळून किंवा क्लोरीन टाकूनच प्यावे.

नोंद अवश्य करतात, आणि या गटाकडे आपल्याकडे फारच कमी लोकांचे लक्ष असते. पुन्हा दिसला तर बादलीने अलगद काढून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवावा. जवळच पाण्यात मेलेला नाकतोडा किंवा टोळ तरंगत असेल, तर तोही त्याच बाटलीत घालावा, कारण कृमी कोणाच्या पोटातून आला हे त्यावरूनच कळेल. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून आत टाकावी : गाव, शेताचे किंवा विहिरीचे गावात चालते ते नाव, तारीख, आणि त्याआधी किती दिवसांपूर्वी पाऊस झाला होता ते.